गाळलेला परिच्छेद

५ जानेवारी

ती. स्व. काकांस,
टकळीचा शि. सा. न. वि. वि.

पंपांच्या कारखान्यात आजही दिवसभर गळती तपासत बसले. यंत्र अभियांत्रिकीची पदवी घेतली खरी, पण जीव रमत नाही. तुमच्या विभागात मानसशास्त्राच्या एम.ए.साठी अर्ज करतेय. तुम्ही विभागप्रमुख, म्हणून निबंध आधी तुम्हालाच पाठवते. हसू नका हं.

हाच विषय का, याचं खरं उत्तर एकच आहे: आपला दादा. दोन वर्षं तो खोलीबाहेर आलेला नाही आणि मी दर रविवारी तुमच्याकडे येऊन त्याच्या दाराबाहेर बसून एकटीच बोलत राहिले. सहाव्या महिन्यात त्याने आतून टकटक केली. तेच लिहिलंय. काकूंना नमस्कार.

लोभ आहेच, तो अर्ज वाचतानाही असू द्या.
आपली,
टकळी

१२ जानेवारी

चि. टकळीस,
अ. उ. आ.

निबंध वाचला. पंपांची डॉक्टरीण आता माणसांची गळती थांबवणार, असं तुझी काकू म्हणाली. आम्ही पोट धरून हसलो. भाषा छान आहे तुझी.

फक्त आमच्या चिरंजीवांचा परिच्छेद काढ. तो परदेशी शिकतोय असं विभागात सगळ्यांना सांगितलंय. घरचं चव्हाट्यावर कशाला? शिवाय काहीही न शिकता आजाऱ्याच्या दाराशी बडबडत बसणं ही लुडबूड झाली. रविवारचं येणंही थांबव. एवढं ऐकलंस तर बाकीचं माझ्यावर सोड.

तुझं भलं चिंतणारा,
काका

१५ जानेवारी

ती. स्व. काकांस,
शि. सा. न. वि. वि.

परिच्छेद काढला. काढताना रडू आलं, पण तुम्ही म्हणता तर तसंच असेल. रविवारी आले नाही. मी का येत नाही, ते दादाला तुम्ही सांगाल ना? मला ही एक जागा मिळाली की बाकी काही नको.

लोभ असाच राहू द्या.
टकळी

९ एप्रिल

चि. टकळीस,
अ. उ. आ.

नकाराचं पत्र मिळालं असेल. खाली सही माझीच आहे. पुतणीला झुकतं माप दिलं असं कुणी म्हणायला नको, म्हणून शेराही मीच लिहिला: विषय निवडण्याचं कारण स्पष्ट नाही. खरं सांगू? तो परिच्छेद गेल्यावर निबंधात नुसते पंपच उरले होते. मनाला लावून घेऊ नकोस.

एक काम होतं. आठवडाभर चिरंजीवांचं ताट दाराशी तसंच राहतंय. रविवारी तुझ्या वेळेला तो आतून टकटक करतो आणि थांबतो. काकू रडून अर्धी झाली आहे. येत्या रविवारी येऊन बस. कुणाला बोलू नकोस.

काका

१२ एप्रिल

ती. स्व. काकांस,
शि. सा. न.

मी येणार नाही. न शिकलेल्याने लुडबूड करू नये, हे तुमचंच म्हणणं. आणि शिकलेला माणूस तर घरातच आहे. रविवारी तुम्ही बसा. खुर्ची नेऊ नका, जमिनीवरच बसा. उत्तराची घाई करू नका, मला सहा महिने लागले.

आणि चपला काढून जा. तुमच्या चपलांचा आवाज आला की आतली टकटक बंद व्हायची, ती पुढचे दोन-तीन रविवार सुरूच व्हायची नाही. एवढं एक मी निबंधात लिहिलं नव्हतं.

लोभाची विनंती या वेळी करत नाही.
टकळी