रेडिओ न लावलेली सकाळ

ओनाकादानी,
१४ नोव्हेंबर

ती. सुमिएताईस,
धाकट्या यासुनोरीचा नमस्कार.

तुझं पत्र मिळालं. आता काठी न घेता देवळाच्या पायऱ्या उतरतेस हे मायुमीने माझ्याकडून दोनदा वाचून घेतलं. मग म्हणाली, चढतात कशा ते लिहिलेलं नाही. तेव्हा पुढच्या वेळी तेही लिही. आम्ही दोघं बरे आहोत. पर्सिमन सोलून वाळायला ओसरीवर टांगले आहेत. यंदा फळ लहान, पण गोड होईल. भावोजींना नमस्कार सांग. त्यांनी पाठवलेला चहा संपत आला आहे हेही सांग. मागतो आहे असं त्यांनी समजू नये, पण सांग.

चिगुसा कशी आहे, असं तू याही पत्रात विचारलं आहेस. सांगतो. पण मला क्रमाने सांगू दे, नाहीतर माझ्याने लिहून होणार नाही.

ऑक्टोबरातल्या एका सकाळी, डोंगरावरचं धुकं उतरायच्या आत, मी गोठ्यात गेलो आणि सगळ्या गाईंची दावी सोडली. आपल्या गोठ्यात हे आजवर कधी झालेलं नाही. आजोबांच्या वेळेपासून गाय आपापल्या खुंट्याला, तोंड गव्हाणीकडे. मी एकेक गाठ सोडत गेलो, मागचं फाटक उघडलं आणि बाजूला उभा राहिलो. पलीकडच्या पडीक खाचरांत गवत गुडघाभर वाढलेलं, भोवती विजेची तार लावून झालेली. मनात म्हटलं, आता निघतील.

एकही हलली नाही. आठही जणी जिथल्या तिथे उभ्या. मान पुढे करायच्या आणि दाव्याची लांबी जिथे संपायची तिथे आपोआप थांबायच्या. दावं खाली पेंढ्यात पडलेलं होतं, आणि तरी होतं. मायुमी माझा चहा घेऊन आली, बराच वेळ बघत राहिली, आणि म्हणाली, "तुम्हाला कुणी सोडलं तर तुम्हीही असेच उभे राहाल."

शेवटी सुझुना, सगळ्यांत लहान कालवड, वळली आणि गवताच्या वासाच्या मागे बाहेर गेली. मग एकेक करून बाकीच्या. चिगुसा तेवढी राहिली. तिला मी तिथेच गवत आणून घातलं.

दुपारी कात्सुमीकाका आले. हातात अर्धा खाल्लेला मुळा. तारेत वीज सोडायला मी विसरलो होतो, आणि सुझुना त्यांच्या वाफ्यात पोचली होती.

"तुमच्या कंपनीच्या वचनात हे कुठल्या कलमात आहे?" काकांनी विचारलं. "माझा मुळा?"

मी माफी मागून तिला आणायला गेलो. मला पाहताच ती शेपूट वर करून खाचरभर पळत सुटली, वळली, पुन्हा पळाली. ओरडायचं सोडून काका बांधावर उभे राहिले. जन्मभर गाई पाळलेला माणूस. म्हणाले, "गाय पळते, हे मी विसरलोच होतो की." मुळा त्यांनी तिथेच तिला देऊन टाकला. संध्याकाळी काकूंना घेऊन पुन्हा आले, दाखवायला.

हे वचनाचं प्रकरण तुला नीट कळवलं नव्हतं. आपल्या वासरांचं पुढे जिथे मांस होतं, त्या कंपनीने वसंतात जाहीर वचन दिलं. गाय बांधून ठेवायची नाही. वासराची शिंगं काढताना भूल द्यायची. आगबोटीने आलेला दाणा कमी करून आपल्याच डोंगरातलं गवत आणि पेंढा द्यायचा, शेण आपल्याच शेतात परत घालायचं, पडीक खाचरं चरण्यासाठी मोकळी करायची. वचन त्यांचं असलं तरी पाळायचं आम्ही. म्हणून सोसायटीच्या सभागृहात सगळ्यांना बोलावलं होतं. कंपनीकडून ओगाता नावाच्या बाई आल्या होत्या, तिशीच्या असतील. एकेक कलम वाचून थांबायच्या, कुणी रागावलं आहे का ते बघायच्या. कात्सुमीकाकांनी विचारलं, गाईंना पेन्शन कधीपासून. सगळे हसले. बाईही हसल्या, आणि म्हणाल्या, ते अजून ठरलेलं नाही. तेव्हापासून लोक जरा मोकळे झाले.

शेवटचं कलम शेवटच्या प्रवासाचं होतं. लांब नेऊ नये, दाटीवाटीने भरू नये, काठी वापरू नये. वाचून झाल्यावर त्यांनी विचारलं, यात कुणाला काही घालायचं आहे का. असं विचारतात तेव्हा कुणी काही घालत नाही, तुला माहीत आहे. मी तर सभेत तोंड उघडत नाही. पण ताई, मी उभा होतो. खुर्ची मागे सरकल्याचा आवाज मला आधी ऐकू आला, मग माझाच.

"ओळखीचं माणूस बरोबर असावं," मी म्हणालो. "शेवटच्या दारापर्यंत."

काका म्हणाले, "पुढे गाईबरोबर न्हाणीतही जा." पण या वेळी फारसं कुणी हसलं नाही. सगळे खाली बघत होते. ओगाताबाईंना वाटलं असेल मी काही चुकीचं बोललो. त्यांना कुठून कळणार की त्या खोलीत प्रत्येकाच्या घरी एक रेडिओ आहे.

तुला सांगायची गरज नाही, तरी लिहितो, लिहिल्याने मला धीर येतो. गाय जायची त्या दिवशी बाबा पहाटे उठायचे. तिला खरारा करायचे, जव शिजवून त्यात चवीला थोडी खारट मिसो घालून कोमट पाजायचे. मग घरात येऊन देव्हाऱ्यासमोर बसायचे आणि रेडिओ मोठ्याने लावायचे. ट्रकवाला हाक मारायचा नाही. गाय घेऊन जायचा, आपलं दावं काढून तिला स्वतःचं बांधायचा, आणि आपलं खिळ्याला अडकवून जायचा. ट्रकचा आवाज दूर गेला की आई उठून रेडिओ बंद करायची. आपल्या घरातल्या कुणीही कधी ट्रक जाताना पाहिला नाही. बाबा म्हणायचे, तिने आपल्याला पाहिलं तर ती मागे वळेल, तिचेच हाल. तू गाद्यांच्या कपाटात जाऊन बसायचीस. मी बाबांच्या शेजारी बसून बुद्धाचं नाव घ्यायचो. माझा आवाज रेडिओत बुडून जायचा. बाबांनंतर मीही तसंच केलं, प्रत्येक वेळी. त्यांना दोष देत नाही. त्यांना सोसवत नव्हतं, एवढंच.

फेब्रुवारीत मी दवाखान्यात तुला बघायला आलो होतो. तुझा पाय टांगलेला. मी संत्री सोलत होतो, आणि तू खिडकीकडे बघत म्हणालीस, "चिगुसाची वेळ येईल तेव्हा रेडिओ लावू नकोस." मी अजून एक संत्रं सोललं. तुला ते नको होतं, तरी तू खाल्लंस.

सभेत जे बोललो ते तुझंच होतं. ओगाताबाईंनी ते लिहून घेतलं, वर पाठवलं, आणि उन्हाळ्यात छापून आलं तेव्हा माझं वाक्य कलमात होतं. कात्सुमीकाकांनी घरी आणून दाखवलं. म्हणाले, "गाई सोडवायला निघालास आणि स्वतःला बांधून घेतलंस." खरंच तसं झालं होतं. त्या पावसाळ्यात तुझा थोडा रागही आला, खोटं कशाला बोलू.

आता चिगुसा. आई गेली त्या वर्षी तू दुखवट्याचे एकोणपन्नास दिवस इथे राहिली होतीस, आणि पहिल्याच आठवड्यात चिगुसा जन्मली. तिच्या आईने तिला जवळ घेतलं नाही. सुतकातला काळा किमोनो बदलून तू गोठ्यात यायचीस आणि बाटलीने दूध पाजायचीस. म्हणायचीस, एक गेली आणि एक माझ्या हातात आली. तिने पुढे आपल्याला भरपूर वासरं दिली. या घराचं छप्पर तिनेच नवं केलं. गेली दोन वर्षं ती भाकड होती, ते मी तुला कळवलं नाही. उन्हाळ्यापासून मागचे गुडघे सुजले होते, आणि उठताना ती तीनदा प्रयत्न करायची. डॉक्टर म्हणाले, बर्फ पडायच्या आत ठरवा. एकदा बसली आणि उठलीच नाही, तर कुठे नेताही येणार नाही, थंडीत कळा सोशील. तिला ठेवून घेता आलं असतं का, असं तू विचारशील. मी रोज रात्री तेच विचारत होतो. माझ्या समाधानासाठी ठेवली असती. तिच्यासाठी नाही.

मागच्या गुरुवारी ट्रक यायचा होता. मी पहाटे तिला खरारा केला. जव मायुमीने शिजवला, मिसो जरा जास्तच पडली. चिगुसाने घमेलं चाटून लख्ख केलं. मग मी घरात आलो, आणि मायुमीचा हात, इतक्या वर्षांची सवय, रेडिओकडे गेला.

"आज नको," मी म्हणालो.

तिने हात मागे घेतला. माझे बूट आणून पायरीवर ठेवले.

ट्रकवाला हामादा मला अंगणात पाहून दचकला. बाबांच्या वेळेपासून येतो, पण या दिवशी आपल्या घरातलं माणूस त्याने कधी पाहिलं नव्हतं. म्हणाला, "काही बिनसलं का? तुम्ही आत जा की. मी नेतो सावकाश."

"आज मी बरोबर येतो."

"कुठपर्यंत?"

"जिथपर्यंत येऊ देतील तिथपर्यंत."

त्याने टोपी काढली, डोकं खाजवलं, पुन्हा घातली. मग स्वतःचं दावं परत ट्रकमध्ये टाकलं आणि म्हणाला, "मग तुमचंच राहू दे." ती फळीवर चढताना मी पुढे होतो. तिने एकदा माझी बाही हुंगली आणि चढली. मागे वळली नाही, ताई. बाबांना ज्याची भीती वाटायची ते झालं नाही.

वाटेत हामादाने त्याच्या नातीच्या सायकलचं बोलणं काढलं, आणि मी ऐकत राहिलो. त्याचे उपकार. मागच्या खिडकीतून तिचे कान दिसत होते. वळणावर तो गाडी इतकी हळू करायचा की मागच्या गाड्या भोंगे वाजवायच्या.

परत आलो तेव्हा चार वाजले होते. गाई खाचरात होत्या. मायुमीने भात आणि मुळ्याची कढी केली होती; मुळे कात्सुमीकाकांनी पाठवलेले. काका स्वतः आले नाहीत. फाटकापाशी येऊन गेले असं ती म्हणाली. जेवणाआधी हात जोडून आपण जे म्हणतो, 'तुमचं दिलेलं घेतो', ते मी लहानपणापासून दिवसातून तीनदा म्हणत आलो आहे. त्या संध्याकाळी कुणाला म्हणतो आहे ते मला ठाऊक होतं. मायुमी थांबली होती, माझं म्हणून होईपर्यंत.

रात्री गाई आत आल्या. कुणी चिगुसाच्या जागी उभं राहिलं नाही. अजून राहत नाहीत.

मधलं सोडून मी पुढचं लिहून गेलो, हे तुझ्या लक्षात आलंच असेल. लहानपणी शाळेतली भांडणंही मी तुला अशीच सांगायचो. तेव्हा तू काही न बोलता वाट बघायचीस. आताही बघत असशील.

तिथे एक लांब, अरुंद वाट आहे, पाणी मारून स्वच्छ केलेली. मला पांढरा अंगरखा आणि बूट दिले. ओगाताबाईंनी आधी कळवून ठेवलं होतं, म्हणून कुणी हटकलं नाही. वाटेच्या टोकाला एक करडं दार. तिथे पांढरी टोपी घातलेला, माझ्याच वयाचा माणूस उभा होता. त्याने आधी माझ्याकडे पाहिलं, मग तिच्या कानातल्या बिल्ल्याकडे, आणि विचारलं, "हिला काय म्हणून हाक मारता?"

मी सांगितलं.

तो म्हणाला, "आमच्याकडे नंबर येतात. नाव कुणी घेऊन येत नाही."

चिगुसा थांबली होती. मी तिच्या हनुवटीखाली खाजवलं, तू खाजवायचीस तिथे. तिने मान लांब केली, डोळे अर्धे मिटले. मला वाटलं होतं मला बुद्धाचं नाव आठवणार नाही. ते आठवलं, आणि या वेळी माझा आवाज मला ऐकू येत होता. तुझ्या वतीनेही घेतलं. आईच्या, आणि बाबांच्याही. मग तिचे आभार मानले. छपरासाठी, वासरांसाठी, त्या एकोणपन्नास दिवसांत तुझे हात रिकामे ठेवले नाहीत त्यासाठी. त्या माणसाने घाई केली नाही. टोपी काढून हातात धरली होती.

मी दावं माझ्या हातून त्याच्या हातात दिलं. तो म्हणाला, "ये, चिगुसा." हळू, जसं घरातलं कुणी म्हणेल. ती गेली. दार लागलं, आणि मी तिथे उभा राहिलो, आतून काहीही ऐकू येईनासं होईपर्यंत.

तुझा भाऊ,
या वेळी आत न गेलेला,
यासुनोरी