तीन नंबरचं जॅकेट

५ ऑक्टोबर, रविवार

सकाळभर देवीदासच्या गावच्या तलावात. गळ नेलेच नाहीत. आज फक्त कयाकसकट उलटायचं आणि परत चढायचं. मी अकरा वेळा उलटलो, तो चौदा.

एका तलावावरचं बोटिंग बंद पडलं, तेव्हा तिथल्या दोन कयाक, म्हणजे एकट्याने वल्हवायच्या होड्या, आम्ही दोघांनी स्वस्तात घेतल्या. तीन वर्षं झाली. तेव्हापासून बहुतेक रविवारी मी बल्लारपूरहून गाडी काढतो आणि पोंभुर्ण्याकडे निघतो. मरळ, रोहू, कधी नुसताच वारा. आता देवीदासचं वेगळंच सुरू झालंय. कांताबाईचा, म्हणजे त्याच्या बायकोचा, भाऊ कोकणात समुद्रावरच्या एका हॉटेलात आहे. तिथला मालक पाहुण्यांना कयाकमधून मासे धरायला नेतो. दिवाळीच्या सुट्टीसाठी एक माणूस जास्त हवाय. देवीदास जातोय. चव्वेचाळीस वर्षांचा, धान लावणारा माणूस. समुद्र पाहिलेला नाही. मीही नाही.

देवीदास चढताना हाताने ओढायला बघतो. पाय खाली लोंबतात आणि कयाक अंगावर येते. शेवटी ओरडलो, "पाय मार आधी. पाण्यात आडवा हो, मंग छाती टाक." छाती, पोट, मग बूड, पाय सगळ्यात शेवटी. चौदाव्या वेळी एका दमात चढला. हसला नाही. म्हणाला, समुद्रात लाट काही माझ्यासाठी थांबून राहणार नाही.

पाण्यात तरंगायचं जॅकेट बुधवारपर्यंत शिवून देतो म्हटलं.

८ ऑक्टोबर, बुधवार

जॅकेट झालं. नंबर तीन. चार आणि पाच सोबतच शिवली.

वीस वर्षं गाड्यांच्या सीट शिवतो, रेक्झिनचं काम हातात बसलंय. एक नंबर माझं, दोन नंबर जादा म्हणून दुकानात. चार-पाच शिवरामभाऊ आणि यशोदाबाईंसाठी. ही नवरा-बायको वैनगंगेवर डोंग्यातून जाळं टाकतात. आयुष्यात पाण्यावर जाताना जॅकेट घातलं नाही. दोन वर्षं मागे लागलो तेव्हा हो म्हणाले. संध्याकाळी पोचवलीसुद्धा.

देवीदासचं सामान लावून दिलं. शिट्टी जॅकेटलाच. सुरी छातीवर, उजव्या हाताला न बघता सापडेल अशी. पक्कड. फोनची प्लास्टिकची पिशवी. वल्ह्याची दोरी कयाकला बांधायची, स्वतःला नाही. गळाची दोरी हाताला गुंडाळायची नाही, मासा लहान दिसला तरी नाही.

जॅकेटची शिवण ओढून पाहिली त्याने. नाही तुटली.

९ ऑक्टोबर, गुरुवार

स्टेशनवर सोडलं. कांताबाई आली होती. धान कापणीच्या आधी परत येईन, असं तो दोनदा म्हणाला. ती त्याच्याशी कमीच बोलली. गाडी हलल्यावर मला म्हणाली, "तुमच्या भरवशावर पाठवून राह्यली, भाऊ."

दुकानात लक्ष लागलं नाही. एक कव्हर उलटं शिवलं.

१२ ऑक्टोबर, रविवार

एकटाच वैनगंगेवर. मासा नाही. शिवरामभाऊंच्या घरी चहा.

अंगणात बाभळीवर जॅकेट टांगलेलं, खाली चिखल. यशोदाबाई म्हणाल्या, "हे वाळून नाई राह्यलं, भाऊ. परवा भिजलं तवापासून टपकूनच राह्यलं."

उचललं. ओल्या गोधडीएवढं जड. शिवरामभाऊंचं कोरडं होतं, कारण त्यांनी घातलंच नव्हतं. उशाला घेतात.

शिवणीत थोडं काम राहिलंय म्हणालो आणि दोन्ही घेऊन आलो. खोटं बोललो.

१३ ऑक्टोबर, सोमवार

सकाळी दुकानामागच्या ड्रममध्ये चारही जॅकेटं टाकली, माझं एक नंबर, जादाचं दोन नंबर आणि त्यांची चार-पाच. वर दगड. दर अर्ध्या तासाने जाऊन बघत होतो. दुकानात माझ्यासोबत शिवणाऱ्या नसीमने विचारलं, काय शिजवताय.

संध्याकाळी दगड काढला. एक आणि दोन उसळून वर आली. चार आणि पाच तळाशीच.

चार नंबर फाडलं. आतला फोम पिळला तर बादलीत धार. चहात पाव बुडवल्यासारखा.

८ तारखेला एक गोष्ट लिहिली नव्हती, ती आज लिहितो. पहिल्या दोन जॅकेटांसाठी आणलेले फोमचे तक्ते संपले होते. नवे त्याच चंद्रपूरच्या दुकानातून आणले, रंग तोच, जाडी तीच. पण कापताना कात्री फारच सहज चालली. अंगठा दाबला तर खड्डा तसाच राहिला. एक नंबर मी दिवसभर पाण्यात ठेवून मगच घातलं होतं. हे तीन नंबरही तसं ठेवून बघावं, असं मनात आलं. देवीदास दारात पिशवी घेऊन उभा होता. नवा माल असेल, म्हणून शिवत गेलो.

मला दिसलं होतं.

लगेच देवीदासला फोन लावला. लागला. समुद्राचा आवाज मागे, हा खुशीत. बांगडे कसे थव्याने येतात, कयाकमागे नकली मासा ओढत नेला की सुरमई कशी झडप घालते, सगळं सांगत होता. मग म्हणाला, "इथी सगळे इचारून राह्यले जॅकेट कुठून आणलं म्हणून. मालकाले दहा पाहिजेत तुझ्याकडून."

मी "बरं" म्हणालो. फोन ठेवला.

का नाही सांगितलं? जीभ होती तोंडात.

१४ ऑक्टोबर, मंगळवार

सकाळपासून फोन लागत नाही. संपर्क क्षेत्राबाहेर. अठरा वेळा लावला.

नसीमला सांगितलं. ती मशीनवर होती, पाय थांबला. म्हणाली, सीट फाटली तर गिऱ्हाईक भांडायला परत येतं, हा माणूस परत येईल का. मग म्हणाली, आत्ताच्या आत्ता त्याला सांगा, आणि त्याच्याआधी नदीवरच्या दोघांना सांगा. शिवणीचं खोटं मी तिला सांगितलंही नव्हतं. तोंडावरून कळलं असेल.

समुद्रात लाटांमधून बाहेर पडायचं असतं. तलावात नसतं ते. जॅकेट कोरडं असेपर्यंत तरंगतं, म्हणून त्याला कळणारच नाही. एकदा उलटला, दोनदा उलटला, दर वेळी ते जास्त पाणी पिणार. मी त्याला चौदा वेळा चढायला शिकवलं आणि अंगावर वजन बांधून पाठवलं.

१५ ऑक्टोबर, बुधवार

सकाळी त्याच्या गावी. कांताबाई धानाच्या बांधीच्या धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, गवत कापत होती. तिच्या भावाचा नंबर हवा होता, आणि का हवा ते सांगितल्याशिवाय मागवेना. सगळं सांगितलं. कात्रीचंही. तिने विळा खाली ठेवला आणि स्वतःच भावाला फोन लावला.

भाऊ म्हणाला, दाजी पाण्यात आहेत, पाहुणे घेऊन गेलेत, अकरा-बारापर्यंत येतील. त्या खाडीच्या तोंडाशी रेंज नसते.

तेव्हा साडेनऊ झाले होते.

ती परत गवत कापायला लागली. मला बसवेना. धुऱ्यावरून या टोकाला, त्या टोकाला. एकदा पाय घसरून बांधीत गेलो, चप्पल चिखलात राहिली. तिने काढून दिली. साडेदहा. अकरा. सव्वाबाराला तिचा फोन वाजला.

देवीदासच होता. तिने फोन मला दिला.

एका दमात सांगितलं. तो फोम पाणी पितो, घालू नको, पाण्यात पाऊल टाकू नको दुसरं मिळेपर्यंत. मला वाटलं शिवी देईल.

त्याने घडलेलं सांगितलं. काल लाटांमधून बाहेर पडताना कयाक आडवी झाली आणि हा उलटला. पहिल्यांदा चढता आलं नाही, दुसऱ्यांदा नाही. छातीच वर येईना. तिसऱ्यांदा मेहुण्याने कॉलर धरून ओढलं. मालक काठावरून बघत होता. त्याने सांगितलं, उद्यापासून खाडीच्या आतच पाहुणे फिरवा, बाहेर तुमचं काम नाही.

"मले वाटलं वय झालं," देवीदास म्हणाला. "रातभर हेच इचार करत होतो. का आता आपल्याच्यानं होत नाई."

फोन ठेवला त्याने.

कांताबाईला सांगितलं. ती म्हणाली, "आता तुम्ही जा तिथी."

१६ ऑक्टोबर, गुरुवार

नदीवर. शिवरामभाऊ आणि यशोदाबाईंना खरं सांगितलं. एक आणि दोन नंबर त्यांना दिली. पाण्यात ठेवून तपासलेली आहेत, तरी तयार मिळाली की ही बदलायची असंही सांगितलं. शिवरामभाऊ म्हणाले, म्हणजे उशाला घेत होतो ते बरंच झालं. हसले. यशोदाबाई नाही हसल्या. आधीचं भिजेपर्यंत त्या रोज घालत होत्या, मी सांगितलं म्हणून. जॅकेट हातात घेतलं, दोन्ही बाजूंनी दाबून बघितलं. घातलं नाही माझ्यासमोर.

दोघांतलं एक माणूस जॅकेट घालेपर्यंत दोन वर्षं गेली होती.

१७ ऑक्टोबर, शुक्रवार

नागपूर. दोन तयार जॅकेटं घेतली, एक देवीदासचं, एक माझं, आत तपासणीचा शिक्का असलेली, किती वजनाच्या माणसाला चालेल ते लिहिलेली. दुकानदार म्हणाला, हीसुद्धा दर वर्षी पाण्यात घालून बघा, उन्हाने खराब होतात. साधी गोष्ट.

पुढची गाडी संध्याकाळची. फलाटावर बसवत नाही. फेऱ्या.

१९ ऑक्टोबर, रविवार

दोन गाड्या, एक बस, एक रिक्षा. दुपारी पोचलो.

समुद्र दिसला. त्याबद्दल पुढे कधीतरी. आज बघायला डोळे नव्हते.

देवीदास खाडीच्या काठावर कयाकमधलं पाणी स्पंजने टिपत होता. पाहुण्यांची दोन लहान मुलं आत फिरवून आणली होती म्हणे. मला बघून उठला, पिशवी घेतली हातातली. नवीन जॅकेट दिलं. शिक्का वाचला त्याने, बोट ठेवून, एकेक अक्षर.

मग विचारलं, "कापताना समजलं होतं का तुले?"

इतक्या लांब याच प्रश्नाला भीत आलो होतो. नाही म्हणता आलं असतं. त्याने मानलंही असतं.

"होय," म्हणालो. "शंका आली होती. तू दारात उभा होता. थांब म्हणायले जीवावर आलं."

"एक दिवस थांबलो असतो मी," तो म्हणाला. "गाडी दुसऱ्या दिवशीही राह्यते."

जॅकेट खांद्यावर टाकून निघून गेला.

मग मालकाकडे गेलो. दहा जॅकेटांचं काम करणार नाही, तुम्ही शिक्क्याचीच घ्या, आणि मंगळवारी देवीदास चढू शकला नाही तो माझ्या मालामुळे, असं सांगितलं. मालक शांतपणे ऐकत होता. म्हणाला, जॅकेटं तयारच घेईन. देवीदासचं मात्र पाण्यात बघूनच ठरवीन. बोलण्यावर नाही. बरोबर आहे त्याचं.

तीन नंबर हॉटेलच्या मागे दगडावर पडलं होतं, अजून ओलं. फाडून टाकलं.

२० ऑक्टोबर, सोमवार

सकाळी सहाला देवीदास मालकासोबत बाहेर जाणार, हे मेहुण्याने सांगितलं. त्याने नाही. मी उठून गेलो. मालकाने एक कयाक माझ्यापुढे सरकवली, येता का म्हणाला. नवीन जॅकेट घातलं, पट्टे तीनदा ओढले.

देवीदास पुढे. लाटेला कयाकचं नाक समोर धरलं, फुटायच्या आत दोन जोराचे हात मारले, पार. तशीच दुसरी, तिसरी. मी पहिल्याच लाटेत आडवा आणि उलटा. कमरेएवढं पाणी, नाकात मीठ. चढलो. पुन्हा उलटलो. पुन्हा चढलो. आडवा हो, पाय मार, छाती टाक. तिसऱ्या वेळी बाहेर पडलो तेव्हा तो पलीकडे वल्हं आडवं धरून थांबलेला होता. माझ्याकडे बघत नव्हता, पण थांबला होता.

मग मालकाने त्याला मुद्दाम उलटायला सांगितलं. खोल पाण्यात. देवीदास उलटला. वल्हं धरलं, कयाक सरळ केली, एका दमात वर. मालकाने मान हलवली, इतकंच.

पुढचे दोन तास नकली मासे ओढत फिरलो. त्याला एक सुरमई लागली. कयाकसकट ओढून नेलं तिने बरंच लांब. दोरी सैल सोडत, पाय पसरून, घाई न करता आणली. मी बाजूला होतो. मासा वर घेताना कुणीतरी कयाक धरून ठेवावी लागते. मी धरली. त्याने धरू दिली.

दहाच्या सुमारास पाण्यावर बारीक सुरकुत्या यायला लागल्या. तो म्हणाला, "वारा फिरला. चाल." आख्ख्या दिवसात माझ्याशी बोललेलं एवढंच.

दुपारी मालकाने सांगितलं, उद्यापासून देवीदास पाहुण्यांना बाहेर नेईल. कांताबाईला फोन केला. ती म्हणाली, तुमच्याशी बोलला का. मी म्हटलं, थोडं. ती म्हणाली, थोडं म्हणजे किती. तीन शब्द, म्हटलं.

परतीची गाडी परवाची आहे. आत्ता उन्हं उतरलीत. देवीदास वाळूत बसून गळ पुसतोय, खारं पाणी राहिलं की गंजतात. मी इकडे पायरीवर, वही मांडीवर. उद्या सहाला तो पुन्हा निघेल. मला हाक मारणार का, ते त्याने सांगितलं नाही आणि मी विचारलेलं नाही.