केस न गळणारा कॅन्सर

चौल

तीर्थरूप मनुआक्का हिच्या पायांशी धाकट्या भागोजीचा नमस्कार. तुझं ब्लडप्रेशर, भावोजींची कंबर आणि केतनचं होमस्टे, तिन्ही ठिकाणावर असतील असं धरून चालतो. पत्र बघून दचकू नकोस. फोन केला की तू "पाहुणे जेवायला बसलेत, मग करते" म्हणतेस आणि तुझे पाहुणे दिवसभर जेवतच असतात. (माणसं एवढी सुरमई खातात हे मला दिवेआगरचं होमस्टे निघेपर्यंत ठाऊक नव्हतं.) पत्र मध्येच ठेवून देता येत नाही. येतं म्हणा, पण ते मला दिसत नाही.

तर माझ्या फुप्फुसाची हकिकत. जन्मात विडी ओढली नाही मी, एसटीत कंडक्टर होतो तेव्हा दुसऱ्यांच्या तेवढ्या विझवायला लावल्या, आणि कॅन्सर झाला मला. डॉक्टरीणबाईंनी तुकडा काढून तपासला आणि सांगितलं की त्या गाठीतल्या पेशींच्या एका जनुकात बिघाड आहे. मी लगेच विचारलं, आईकडचा की वडलांकडचा? (आपल्यात कुठलीही खोड निघाली की आधी मामाच्या दारात नेऊन टाकतात.) त्या म्हणाल्या, कुणाकडचाच नाही, तुमच्या फुप्फुसातच झालाय. तेव्हा तू आणि तुझी नातवंडं निर्धास्त राहा. पुढे त्या बराच वेळ पेशींना मिळणाऱ्या संदेशांबद्दल सांगत होत्या. शेवटी मी म्हटलं, बाई, म्हणजे डबल बेल अडकलीय. ड्रायव्हरला सारखं "चल, चल" ऐकू येतंय आणि गाडी एकाही थांब्यावर थांबत नाही. त्या हसल्या, म्हणाल्या, अगदी तसंच, आणि ही रोजची गोळी नेमकी ती बेल धरून ठेवते. गाठ निम्म्यावर आली, आक्का. मी स्वतः फोटो पाहिला. मला त्यातलं काही कळलं नाही, पण बाई खूश दिसल्या.

पंचाईत झाली ती गावात. आजार कळला तेव्हा माझ्या ओटीवर माणूस मावत नव्हता. शहाळ्यांचा ढीग पडला. वाडीतला तुकाराम तर गळ्यात पडून रडला. सगळे माझे केस गळायची वाट बघत बसले आणि केस काही गळेनात. उलट पापण्या वाढल्या (हा गोळीचाच गुण) आणि सोळाव्या वर्षी आली नव्हती ती मुरुमं त्रेसष्टाव्या वर्षी तोंडभर आली. शेजारचा सदा सगळ्यांदेखत म्हणाला, "भाग्या, तुला कॅन्सर हाय का लगीन ठरलाय?" जुलाबही अधूनमधून होतात, पण ते काही लोकांना दाखवता येत नाहीत. बिचारे भेटायला यायचे आणि मी अंगण झाडताना दिसायचो. मग कशाला बसतील? मरणार म्हणून जमले होते ते मरत नाही म्हणून पांगले. परवा सदाने माझ्याकडून नारळांची पोतीसुद्धा उचलवून घेतली.

त्यांना बोल नाही लावत मी. पण तुझी भावजय जनी गेल्यापासून या घरात माझाच तेवढा आवाज आहे. संध्याकाळी फार एकटं वाटतं. टीव्हीवरच्या बातम्या देणाऱ्या बाईला मी "हो का?" म्हणतो, इथवर मजल गेली आहे.

आणखी एक. डॉक्टरीणबाईंनी सुरुवातीलाच सांगितलं होतं की या पेशी लबाड असतात. एक बेल धरून ठेवली की आज ना उद्या दुसरी शोधतात. शोधली की नाही ते आता नुसत्या रक्तावरूनही पुष्कळदा कळतं. शोधली असली तर काही जणांसाठी दुसरी गोळी असते, काहींच्या गोळीवर अजून संशोधन चालू आहे. (हे शेवटचं त्या हळू बोलल्या.) रक्त आणि स्कॅन दोन्ही झालंय, मंगळवारी निकाल आहे. मला पुन्हा खोकला लागलाय. थंडीचा असेल. तू काळजी करू नकोस आणि मुद्दाम येऊ तर मुळीच नकोस, तुझा सीझन आहे.

भावोजींना नमस्कार, केतनला आशीर्वाद.

तुझा,
भागोजी

ता. क. वर "येऊ नकोस" लिहिलंय ते रीत म्हणून.

आणखी ता. क. खरं ते सांगून टाकतो. मुंबईच्या त्या हॉस्पिटलात तेजस्वी नावाची नर्स आहे. दर खेपेला विचारते, "काका, सोबत कोण आलंय?" कुणी नाही म्हटलं की तिचा चेहरा असा होतो की तो मला सोसत नाही. म्हणून मी एकदा म्हटलं, बहीण आलीय, खाली चहा घेतेय. तेव्हापासून तू दर खेपेला खाली चहा घेतेस. परवा तिने निरोप दिला की बहिणीला म्हणावं एवढा चहा बरा नव्हे, आणि मी तुझ्या वतीने हो म्हटलं. पण आता बाईंनी सांगितलंय की मंगळवारी निकाल ऐकायला बहिणीला वर घेऊन या.

सोमवारी आगरदांड्याची फेरीबोट धरलीस तर संध्याकाळपर्यंत माझ्याकडे पोचशील. सकाळी मांडव्याहून बोटीने जाऊ. नाही जमलं तरी मी जाईनच. बाई म्हणतील, बोलवा त्यांना, आणि मी जिना उतरून खाली जाईन. तिथे कुणीतरी असू दे, आक्का.