व्यायामाचा रकाना

५ फेब्रुवारी

ती. ताईस,
धाकट्याचा सा. न. वि. वि.

कालपासून डोकं फिरलं आहे. आमच्या कंपनीच्या नव्या गोळीच्या चाचणीतल्या बायकांच्या वह्या मी तपासायला घेतल्या. तुझ्या वहीत व्यायामाच्या रकान्यात रोज लिहिलेलं, जिना, आठ मजले, दोनदा. पुढची वही उघडली, तेच. एकूण अकरा वह्या निघाल्या.

अगं, चाचणी संपेपर्यंत नवीन व्यायाम सुरू करायचा नाही, असा नियम आहे. निम्म्या बायकांना प्रतिकारशक्तीची खरी गोळी आणि निम्म्यांना तशीच दिसणारी, औषध नसलेली पोकळ गोळी मिळते. कुणाला कोणती ते आम्हालाही माहीत नसतं. त्यात तू जिना घुसवलास. कोरी वही पाठवतो आहे. सगळं पुन्हा उतरवून काढ आणि तो रकाना मोकळा ठेव. बाकीच्या दहा जणींनाही तूच समजाव, तुझं ऐकतात.

तुझा लोभ आहे म्हणून एवढं हक्काने लिहितो.
तुझा धाकटा

११ फेब्रुवारी

चि. धाकट्यास,
अनेक आशीर्वाद.

कोरी वही मिळाली. तिच्यात वाणसामानाची यादी लिहिली आहे.

नियम मला आज कळला. नऊ पानी अर्ज, अक्षर मुंगीएवढं, आणि तू घाईघाईने बोट ठेवून इथे सही कर म्हणालास. मी केली. तुमच्याकडे एकदा रक्त काढलं की दुसऱ्यांदा काढेपर्यंत तीन तास बाकावर बसवतात. बसून माझी पाठ धरली म्हणून मी जिना चढायला लागले. मग शिवणकाम करणारी आली, मग निवृत्त नर्स आली. महिन्याभरात अकरा जणी झालो आणि घरीही चढू लागलो. पहिल्या दिवशी मी दुसऱ्याच मजल्यावर धापा टाकत बसले होते, तेव्हा शिवणवाली म्हणाली होती की आता खाली न्यायला पाळणा मागवू का.

गेल्या हिवाळ्यात छातीसाठी दोनदा भरती झाले. या हिवाळ्यात एक पडसं, तेही चार दिवसांचं. गोळीने की जिन्याने, मला ठाऊक नाही. तुम्हालाही नाही. मग खोटं लिहून ते गोळीच्या नावावर का मांडायचं? उद्या माझ्यासारखीच कुणी छातीची दुखणाईत ती गोळी खाऊन खुर्चीत बसून राहील. सूतगिरणीत तीस वर्षं तुटलेला प्रत्येक धागा मी नोंदवला, मुकादमाच्या नाकाला मिरच्या झोंबल्या तरी. आता साठीत लबाडी शिकायची नाही.

रागव, पण जेवणावर राग काढू नकोस.
ताई

१६ फेब्रुवारी

ती. ताईस,
सा. न.

गोष्ट मोठ्या साहेबांपर्यंत गेली. ते म्हणाले की चोवीस तारखेला वह्या नव्याने लिहून आल्या नाहीत, तर अकराही जणी बाहेर. म्हणजे तुझी दर महिन्याची छातीची तपासणी बंद, हाकेसरशी येणारा डॉक्टर बंद. मला गोदामात पाठवतील ते वेगळंच.

माझं सोड. गेल्या वर्षी तुझ्या नाकाला नळी लावली होती, तेव्हा मी बाहेर उभा राहून तुझे श्वास मोजत होतो. मला पुन्हा ते मोजायचे नाहीत. तू हट्टी आहेस हे आख्ख्या घराण्याला माहीत आहे, नव्याने सिद्ध करू नकोस. एक रकाना आहे गं.

पाया पडतो, ऐक.
धाकटा

२४ फेब्रुवारी

चि. धाकट्यास,
आशीर्वाद.

आज आम्ही अकराही जणी येऊन जुन्याच वह्या साहेबांच्या टेबलावर ठेवल्या, हे तू पाहिलंसच. त्यांनी विचारलं की परिणाम माहीत आहे ना. मी म्हटलं, माहीत आहे, आणि भीतीही वाटते, पण अहवालात लिहा की या बायका जिना चढत होत्या. आमच्यातल्या नर्सबाईंनी त्यांना सुनावलं की तीन तास बसवून ठेवायची अक्कल कुणाची, तेही लिहा.

तू दारात फाईल धरून उभा होतास आणि मान वर केली नाहीस. याचं मला वाईट वाटलं. लपवत नाही. नोकरी सांभाळ, मी समजून घेईन, पण माझ्यासाठी केलंस असं मात्र म्हणू नकोस.

माया आहे तेवढीच आहे.
ताई

२ मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तुम्ही गेल्यावर साहेबांनी मला अकरा कोऱ्या वह्या दिल्या आणि माझ्या हाताने भरायला सांगितलं. मी दोन पानं भरलीसुद्धा. मग ती फाडली आणि तुमच्या खऱ्या वह्या चाचणीवर देखरेख करणाऱ्या बाहेरच्या समितीकडे नेऊन दिल्या. सोबतच्या अर्जात पहिलीच ओळ लिहिली, की माझ्या बहिणीला नियम वाचून न दाखवता मी सही करायला लावली. समितीने चाचणी थांबवली आहे. कालपासून मी गोदामात आहे. तुझी तपासणी बंद झाली, ते मला टाळता आलं नाही. सरकारी दवाखान्यात तुझं नाव नोंदवलं आहे, गुरुवारी न्यायला येतो.

कुणाला कोणती गोळी, त्याची बंद पाकिटं समितीने मागवली, तीही मीच पोचवली. वाटेत तुझ्या नावाचं पाकीट माझ्या हातात होतं. फोडलं नाही.

दार उघडशील ना, एवढीच विनंती.
धाकटा