लूसीचं बोरन्हाण

६ जानेवारी १९८८, बुध.
डोंबिवलीहून कल्याणला. सिस्टरांच्या बालगृहात रविवार-बुधवार माझे, कवितांचे. आज चौथीतली कविता म्हणताना तिसऱ्या कडव्यात अडलो. पन्नास वर्षं पाठ असलेली! एकेक ओळ अशीच गळत गेली तर माझ्याजवळ उरणार काय?
मुलांना कळलं नाही. लूसीला कळलं. साडेतीन वर्षांची पोर, स्टेशनच्या बाकावर सापडल्यापासून एक शब्द बोललेली नाही. पण मी चाल धरली की माझ्या मांडीला टेकते आणि दोन बोटांनी गुडघ्यावर ठेका धरते. मी अडलो तशी बोटं थांबली. वर बघत राहिली. ओळ आठवली, बोटं पुन्हा सुरू.
मार्ता दारात उभी राहून ऐकत होती. हॉलंडहून आलेली, सहा महिने बिनपगारी मुलं सांभाळणार. विशीतली पोर. आईबापांनी एवढ्या लांब धाडली कशी? मराठी येतं ते एवढंच: बस, नको, झोप, आज्जोबा.

१५ जाने., शुक्र.
शेजारच्यांच्या नातवाचं बोरन्हाण. काळं झबलं, हलव्याचा मुकुट, रडून लाल झालेला. डोक्यावरून बोरं, ऊस, कुरमुरे ओतले आणि पोरं तुटून पडली.
कोपरीची खोली डोळ्यांपुढे आली. हिने आमच्या विनूचं केलं होतं ते. चाळीतली सगळी पोरं आमच्या दहा बाय दहात. विनूच्या वाट्याला एक बोर नाही, आणि ही हसून हसून भिंतीला टेकलेली. तिचं ते हसणं अजून कानात...
लूसीचं कोण करणार?

१७ जाने., रवि.
बालगृहाच्या मदरना विचारलं. म्हणाल्या, "काका, पूजाबिजा नाही ना? वरून मला विचारतील."
"पूजा कसली हो, नुसते लाड. डोक्यावरून खाऊ ओतायचा आणि बाकीच्यांनी लुटायचा."
मदर वसईच्या. मोठ्याने हसल्या. "मग लुटायला मीपण बसणार." अट एकच, बोरांत बी नको. लहान पोरं गिळतात.

२३ जाने., शनि.
दुपारभर सूनबाई आणि मी बोरांच्या बिया काढत बसलो. उसाचे अगदी बारके तुकडे. दाणे भाजून, सालं पाखडून, पांढरे स्वच्छ केले. सूनबाई म्हणाली, "बाबा, यांच्या मुंजीतसुद्धा एवढे राबला नसाल तुम्ही." खरं आहे. त्या वेळी सगळं हिने केलं.
दोन ओळी जुळल्या:
टपटप टपटप बोरं आली,
लूसीबाईची ओंजळ भरली.
कविता नव्हे ही. पण ठेका तिच्या बोटांजोगा आहे.

२४ जाने., रवि.
झालं! शेजाऱ्यांचंच काळं झबलं मागून नेलेलं, लूसीला आखूडच झालं. पाटावर राणीसारखी बसली, रडली नाही. मार्ताने वाटीने ओतायचं, मी म्हणायचं. मी डोळे मिटून टपटप टपटप. मुलांचा दंगा, मदरही खाली बसून खरंच लुटतायत. मधेच लूसीला ठसका लागला. मार्ताने उचलून पाठीवर थापट्या मारल्या, थांबला. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.
ही असती तर घरी जाऊन आधी हिला सांगितलं असतं. परतताना खाडीवर ऊन काय सुंदर...

२७ जाने., बुध.
लूसीला ताप. खोकला. नाक्यावरच्या डॉक्टरांनी सर्दी म्हणून बाटली दिलीय. मांडीशी आणून बसवली, चाल धरली. बोटं हलली नाहीत. श्वासाबरोबर बारीक शिट्टी वाजते, लांबून कोणी बोलावावं तशी.
हवा बदलतेय, होतं असं. स्वतःला सांगतोय.

२८ जाने., गुरु.
आपला वार नसताना गेलो. घरी बसवेना.
मार्ताने हात धरून खाटेपाशी ओढलं आणि माझं डोकं लूसीच्या पाठीवर टेकवलं. डावीकडे सळसळ. मग उजवीकडे. काहीच नाही. रिकाम्या घराला कान लावल्यासारखं.
मार्ता तिच्या देशात वर्षभर नर्सिंग शिकलेली. तोंडाकडे बोट, मग गळ्याकडे, मग छातीकडे. "पीनट?" म्हणाली. "संडे? यू सी?"
काय बघितलं मी? मी डोळे मिटून बसलेलो.
सूनबाईने आणि मी बिया काढल्या. एकेक बी काढली. दाण्यांचं दोघांच्याही ध्यानात आलं नाही. सालंसुद्धा काढून दिली मी. गुळगुळीत.


२९ जाने., शुक्र.
ठाण्याच्या हॉस्पिटलात. मदर, मार्ता, मी. लूसी मार्ताच्या खांद्यावर. खोपटच्या डेपोवरून रिक्षा गेली तेव्हा मी एस.टी.च्या पाट्या वाचत होतो, एकेक मोठ्याने, वेड्यासारखा. शिट्टी ऐकू येऊ नये म्हणून.
एक्स-रे काढला. डॉक्टर तरुण. "प्लेटमध्ये वेगळं काही नाही. न्यूमोनिया वाटतो."
केवढं बरं वाटलं! घरी जावंसं वाटलं. मार्ताने बाही ओढली. तिला सांगता येत नव्हतं, माझ्याकडे बघत राहिली. मग बोललो. बोरन्हाण, दाणे, ठसका.
डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. "कधी?"
"रविवारी."
"आणि आज सांगताय?"
"काल कळलं हो..."
"दाणा प्लेटमध्ये दिसत नाही, आजोबा. आत ओला होऊन फुगतो." मदरकडे वळून म्हणाले, भूल देऊन नळी घालून काढावा लागेल. ती सोय इथे नाही, मुंबईला न्या. आजच.
मुंबईला मार्ता आणि मदर गेल्या. गाडीत जागा नव्हती. मी फाटकाशी उभा. किती वेळ, ठाऊक नाही.

३० जाने., शनि.
मदरांचा शेजाऱ्यांकडे फोन. ताप फार आहे, आधी तो उतरवतायत, मग नळी. बहुतेक सोमवारी.
म्हटलं, मदर, मला क्षमा...
"काका, मीपण लुटायला बसले होते," म्हणाल्या आणि फोन ठेवला. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं.
विनू म्हणतो, "बाबा, आता तिकडे फिरकू नका. काही बरंवाईट झालं तर पोलीस तुम्हालाच विचारतील." हेही खरं. ही भीतीपण आहे. तिची वाटते की माझी, आता वेगळं काढता येत नाही.
सूनबाई जेवली नाही. हळूच म्हणाली, "मी भाजले ना दाणे."
"निवडले मी." तेवढंच बोललो.

३१ जाने., रवि.
माझा वार. कल्याणला गेलो. मुलांना कविता हवी. तोंड उघडलं तर टपटप टपटपच आलं. थांबलो. एक पोरगी म्हणाली, "आजोबा, लूसी कुठंय?"
डॉक्टरकडे, म्हटलं.
"बोरं खायला?"

१ फेब्रु., सोम.
मुंबई. हॉस्पिटलातल्या बाकावर बसून लिहितोय. विनूला न सांगता आलो. सूनबाईने डबा बांधून दिला.
मार्ता शेजारी. गेल्या तीन रात्री इथेच आहे. स्वतःलाच दोष देतेय. वाटीने ओतलं तिने, म्हणून. म्हटलं, पोरी, रीत आमची, तुला काय माहीत? समजलं नसावं. पण डोकं टेकलं खांद्यावर.
मोठे डॉक्टर सांगून गेले. दाणा मऊ झालाय. धरताना फुटला तर तुकडा दुसऱ्या बाजूला सरकू शकतो. ती एकच बाजू चालू आहे. मदरनी सही केली. आता जिन्यात उभ्या राहून जपमाळ ओढतायत.
लूसीला ढकलगाडीवरून नेलं. केवढीशी दिसत होती. वॉर्डबॉय दारापाशी थांबला, म्हणाला, "आजोबा, हात लावा एकदा." हात धरला. शाळेतल्या एवढ्या कविता, एकही ओळ आली नाही. आली ती तीच, टपटप टपटप. हळू म्हटली, तिच्या कानाशी. तिची दोन बोटं माझ्या तळव्यात हलली. एकदा. की तापाने हलली?
दार लागलं.
आत आवाज नाही. मार्ता दाराकडे बघतेय. मी तेच घोळवतोय मनात, ठेका चुकू देत नाहीये, गुडघ्यावर माझीच दोन बोटं. डोळे मिटायची सवय आहे. मिटत नाहीये. दारावर निळा रंग आहे, कडीपाशी उडालेला. खाली फटीतून उजेड. कोणाची तरी पावलं त्यात थांबली. दार उघडतंय, वही मिटतो.