शंकरपटावरचं व्याख्यान

प्रिय प्रेम,

काल फोनवर तू जे मागितलंस त्याला मी हो म्हटलं नाही आणि नाहीही म्हटलं नाही. "बघते" म्हणून फोन ठेवला. तुला वाटलं असेल, आई रुसली. रुसले नाही रे. फोनवर तू मध्येमध्ये बोलतोस, आणि हे मला एकदा कुणी मध्ये न बोलता सांगायचं आहे. दवाखान्याच्या रंगरंगोटीतून थोडा वेळ काढ आणि शेवटपर्यंत वाच.

अंगणवाडीची नोकरी संपल्यावर मी बुलढाण्याला इतिहास मंडळात जायला लागले तेव्हा तू हसला होतास. "आई, आता शिलालेख वाचणार का?" म्हणालास. शिलालेख माझ्याच्याने कुठले वाचून होतात. पण मंडळाची सचिव पूनम, कॉलेजात शिकवते ती, तिचं म्हणणं मला पटलं. राजे आणि किल्ले यांच्यावर बोलणारे पुष्कळ आहेत, आपल्या भागातली साधी माणसं कशात रमत होती ते कोण सांगणार? म्हणून दर महिन्याला वाचनालयाच्या वरच्या हॉलमध्ये एक व्याख्यान असतं. दंडारीच्या नाचगाण्यावर झालं, जत्रेतल्या तंबूच्या सिनेमावर झालं. भुलाबाईच्या गाण्यांवर मी बोलले. बोलले कमी, गायले जास्त. आम्ही बायकांनी टिपऱ्या धरल्या, झाकलेला खाऊ ओळखायचा खेळही खेळून दाखवला. तुझ्या आईसाठी लोकांनी टाळ्या वाजवल्या, हे मी तुला तेव्हा सांगितलं होतं. त्या दिवशी नंतर काय झालं ते सांगितलं नाही.

गाणी म्हणायला उंद्रीहून तानाबाई आली होती. तिथल्या भगवानरावांच्या बैलांच्या गोठ्यात तिचा जन्म गेला. चहाचे पेले विसळताना ती माझ्याशेजारी उभी होती. सहज बोलावं तशी म्हणाली, "बाई, तुमचा मालक लय सरळ मानूस व्हता. त्यानं कधी घेतली नाही. त्या दिवशी पिऊन व्हता तो बैल." आणि मग तिने पदर तोंडावर घेतला. मी पुढे विचारलं तर हात जोडायला लागली. तिचा मुलगा अजून भगवानरावांच्याच शेतावर राहतो. तिचं नाव तू कुणापाशी काढू नकोस. मीही कुठे काढलं नाही.

तुला तुझे बाबा किती आठवतात ते मला ठाऊक नाही. तू कधी बोलत नाहीस. तू फार लहान होतास. ते भगवानरावांच्या जोडीचे धुरकरी होते. शंकरपटात, बैलजोड्यांच्या शर्यतीत, जो छकडीवर बसून बैल पळवतो तो धुरकरी. नाव होतं मालकाचं आणि जीव जात होता धुरकऱ्याचा. पण तुझ्या बाबांना, निवृत्तीला, त्याचं काही नव्हतं. पटाच्या आदल्या दिवशी ते बैलांच्या अंगावरून हात फिरवत त्यांच्याशी बोलत बसायचे, मी जेवायला हाका मारून थकायची. चाबूक त्यांनी कधी वापरला नाही. दारूचं म्हणशील, तर त्यांच्या वडिलांनी दारूपायी घराची जी दशा केली होती ती पाहिलेला माणूस तो. दारूच्या दुकानासमोरून जाताना रस्ता ओलांडून पलीकडून चालायचा.

त्या वर्षीचा पट संक्रांतीनंतर मोताळ्याकडे भरला होता. शेवटच्या फेरीत डावा बैल सरळ रेषा सोडून माणसांत घुसला. छकडी उलटली. देऊळघाटचे सईदभाई बांगड्यांचं दुकान मांडून बसले होते, चाक त्यांच्या पायावरून गेलं. तुझे बाबा आसाखाली सापडले. बुलढाण्याला नेईपर्यंतही राहिले नाहीत. आणि ते अजून मैदानातच पडलेले होते, तेव्हा भगवानराव लोकांना सांगत होते, "माही जोडी सरळ व्हती हो. धुरकरीच पिऊन बसला, मी काय करू?" दवाखान्यातून मला तुझ्या बाबांचा सदरा मिळाला, त्याला खरंच दारूचा वास होता. मी कुणाशी काय भांडणार? मला माहीत होतं ते पीत नव्हते, आणि सदरा माझ्या हातात होता. सईदभाईंचा पाय गुडघ्याखालून काढावा लागला. त्यांच्या घरच्यांनी मला बाजारात ओळख दाखवणं सोडलं. तू शाळेतून यायचास आणि दप्तर कोपऱ्यात फेकून विचारायचास, "आई, बेवडा म्हंजे काय?"

मग भगवानराव घरी आले. पाटावर बसले, डोळे पुसले, म्हणाले, "झालं ते झालं. पोराचं मी पाहतो." ते ज्या बोर्डिंगचे अध्यक्ष होते तिथे तुला घेतलं. दिवाळीला कपडे आणले. तू त्यांना आबा म्हणायला लागलास. गाव म्हणालं, पहा, दारुड्याच्या पोरालाही पोटाशी धरणारा माणूस. त्यांच्या पाया पडायला दरवर्षी मी तुला पाठवलं, कारण तुला शिकवायला माझ्याकडे दुसरा रस्ता नव्हता.

तानाबाईचं बोलणं ऐकल्यावर मी कितीतरी दिवस नीट जेवले नाही. पोलिसांत जाऊन काय सांगणार होते? तानाबाई बोलणार नाही, बैल कधीच मेले. मग मला उमगलं की हे एकच तोंड सांगू शकतं आणि त्या तोंडाला कौतुकाची फार सवय आहे. बंदी उठल्यापासून पट पुन्हा भरायला लागलेत, तरुण पोरं मोबाईलवर बैलांचे व्हिडिओ टाकतात. मंडळाच्या बैठकीत मी म्हणाले, शंकरपटावर व्याख्यान ठेवा, आणि भगवानरावांइतका जाणकार आपल्याला मिळायचा नाही. पूनमला आनंदच झाला. आमंत्रणाचा मजकूर मी लिहिला. "वऱ्हाडच्या पटपरंपरेचे मानकरी" असं लिहिलं. तू वाचशील तर म्हणशील, आईला इतकं गोड लिहिता येतं? येतं. उंद्रीच्या त्यांच्या भाऊबंदांना मी स्वतः जाऊन बोलावून आले. आणि देऊळघाटला जाऊन सईदभाईंच्या दारात उभी राहिले. त्यांची सून रुबिना हिने दार उघडलं आणि मला ओळखून ती आत निघून गेली. सईदभाई कुबडी टेकत बाहेर आले. मी त्यांना एवढंच म्हणाले, "व्याख्यानाले या. शेवटपर्यंत बसून ऐका. मंग मले जे बोलायचं ते बोला." ते येतो म्हणाले नाहीत, पण आले.

त्या दिवशी हॉल भरला होता. भगवानराव पांढरं धोतर, गुलाबी फेटा असे आले. मीच त्यांना ओवाळलं. "कशी हायेस सुभद्रा, पोरगा डॉक्टर झाला ना आपला?" असं सगळ्यांसमोर म्हणाले. मी हसले. आणि ते बोलले छान, हे मी नाकारणार नाही. जोड कशी निवडावी, खूर कसा पाहावा, कोणत्या पटाला कुठली जोडी कशी हरली, लोक रमून गेले होते. पूनम सगळं रेकॉर्ड करत होती. शेवटी प्रश्नोत्तरं होती. आमच्याकडे प्रश्न चिठ्ठीवर लिहून देतात आणि पूनम वाचते. चिठ्ठ्यांच्या डब्यात तीन माझ्या होत्या. नाव न घालता.

पहिल्या चिठ्ठीत विचारलं होतं, जोडीला खुराक काय असायचा? ते खुलले. उडदाचं पीठ, तूप, अंडी, गूळ, सगळं सांगितलं, आणि मग आवाज खाली आणून, लाडात आल्यासारखे म्हणाले, "आन् शेवटच्या फेरीआंधी एक गंमत राहे. बांबूच्या नळकांडीनं डाव्याले पहिल्या धारेची पाजायची. बैल असा उडे का पाहूनच घ्या." लोक हसले. उंद्रीचे सगळ्यात मोठ्याने हसले. पूनमने दुसरी चिठ्ठी वाचली: ही गोष्ट धुरकऱ्याला माहीत असायची का? ते म्हणाले, "त्याले काऊन सांगू? माहा धुरकरी मोठा सोवळा. त्याले सांगतलं असतं तं त्यानं जुवाले हात लावला नसता. एखाद डाव बैलानं मान झटकून त्याच्या आंगावर उडवली तं मी म्हनो, औषध हाये बे, त्याले वास राह्यतेच."

प्रेम, सदऱ्याचा वास मला तिथे त्या खुर्चीत बसल्या बसल्या आला. मी खुर्चीची दांडी धरून ठेवली. तिसरी चिठ्ठी अजून वाचायची होती.

पूनमने ती उघडली आणि मनातल्या मनात वाचून थांबली. मग तिने वाचली: ज्या फेरीत धुरकरी निवृत्ती गेला त्या दिवशीही पाजली होती का? भगवानरावांनी पाण्याचा पेला उचलला आणि ठेवला. "लय जुनी गोठ झाली," म्हणाले, "आता कोनाले याद राह्यते." तेव्हा मागून सईदभाई उठले. कुबडीवर रेलून उभे राहिले. "भगवानराव," ते म्हणाले, "मेरेकू याद है. पाजली व्हती का नाही, बस इतना बोलो."

भगवानरावांनी सगळीकडे पाहिलं. आपल्या लोकांकडे पाहिलं, तर ते मान खाली घालून बसले होते. मग त्यांना मी दिसले. आणि मला वाटतं, चिठ्ठ्या कुणाच्या ते त्यांना तेव्हा कळलं. फेट्याचा शेमला हातात धरून ते म्हणाले, "पाजली व्हती. पन थोडीच."

मी ओरडले नाही, रडले नाही. आभार मानायचं काम माझ्याकडे होतं, ते मी केलं. शाल आणि नारळ त्यांच्या हातात दिला. नारळ त्यांच्या हातून दोनदा सुटला. उंद्रीच्या लोकांपैकी त्यांना गाडीपर्यंत सोडायला कुणी गेलं नाही. सईदभाई जिन्यापाशी माझी वाट पाहत थांबले होते. "भाभी, इतने साल मैं निवृत्तीभाऊले शिव्या देत राह्यलो," म्हणाले. मी त्यांना हात धरून जिना उतरवला. दुसऱ्या दिवशी रुबिना घरी आली, माझ्या ओट्यावर बसून चहा प्याली.

लोक म्हणतात, सूड घेऊन हाती काही लागत नाही. ज्यांनी घेतला नाही ते म्हणतात. मला त्या दिवशी भूक लागली. मी भाकरी थापली, ठेचा केला आणि पोटभर जेवले. मला त्यांची कीव आली का, असं पूनमने विचारलं. मी खरं सांगितलं, नाही आली. ते म्हातारे झालेत म्हणून नाही आली, तुला शिकवलं म्हणून तर मुळीच नाही. बाप मारून, वर त्याच्या तोंडाला दारू लावून, मग त्याच्या पोराला पोटाशी धरणं, याला मी उपकार म्हणत नाही.

आता तू मागितलेल्या गोष्टीकडे येते. आबांनी तुला फोन करून सांगितलं की तुझ्या आईने मला भरसभेत उघडं पाडलं, आणि तू मला म्हणालास, आई, ते म्हातारे आहेत, अक्षय तृतीयेला माझ्या दवाखान्याची फीत तेच कापणार आहेत, त्याआधी तू जाऊन माफी माग. त्यांनी तुला अर्धं सांगितलं, म्हणून हे पत्र. तू जनावरांचा डॉक्टर आहेस. भरधाव सुटायच्या बैलाला दारू पाजली तर काय होतं ते मी तुला सांगायला नको. माफी मी मागणार नाही. पण पत्रिकेतून त्यांचं नावही खोडू नकोस, हे माझं मागणं आहे. त्यांना येऊ दे. उंद्रीच्या लोकांना बोलाव, सईदभाईंना पहिल्या रांगेत खुर्ची दे. दाराशी तुझ्या बाबांचा फोटो लाव, मी मोठा करून आणते. फीत कापण्याआधी त्या फोटोला हार त्यांच्या हातून घालून घे, आणि माईक त्यांच्यापुढे धरून म्हण, आबा, माझे बाबा कसे गेले ते या लोकांना सांगा. "थोडीच" म्हणू देऊ नकोस. त्यांनी सांगितलं तर खुशाल फीत कापू दे, पेढा मी स्वतः त्यांच्या तोंडात घालीन. नाही सांगितलं, तर कात्री माझ्या हातात दे.

तुझीच,
आई