दीड लिटरची गाडी

९ नोव्हेंबर, रविवार

दोन्ही चालवून झाल्या. आधी छोट्या इंजिनची, मग मोठ्या. बाहेरून अगदी सारख्या. तोच चौकोनी चेहरा, तीच उंच चाकं. फरक पोटात! छोटीचं इंजिन दीड लिटरचं आणि ताकद फक्त मागच्या दोन चाकांना. मोठीचं दोन पॉइंट दोन, आणि गिअरच्या शेजारी आणखी एक आखूड दांडा. तो ओढला की चारही चाकं ओढायला लागतात.

बाबांनी त्या दांड्यावर हात ठेवला आणि तसेच बसून राहिले. शोरूमवाला काय काय सांगत होता, यांचं लक्षच नाही. उभी नोकरी देवळालीला तोफा ओढणारे ट्रक चालवण्यात गेली त्यांची. रेंजवरच्या चिखलातून, नाल्यांतून. आणि घरी स्वतःची म्हणून एक स्कूटर. मी गाडी घेऊन देते म्हटलं. मग दुसऱ्या दिवशी चहा पिताना एकदम — "घ्यायचीच तर जीपसारखी घेऊ."

येताना विचारलं, कुठली आवडली?

"दोन्ही चांगल्या."

मग भगूरच्या जवळ आल्यावर — "मोठीचा आवाज खोल आहे."

एवढंच.

११ नोव्हेंबर, मंगळवार

क्लिनिकमध्ये दोन पेशंटच्या मधल्या वेळात इंजिनांबद्दल वाचत बसते. दातांच्या डॉक्टरला काय कळणार त्यातलं! पण आता कुणाला तरी शिकवीन इतकं झालंय. छोटी हलकी, ॲव्हरेज चांगलं, आमच्या गल्लीत वळेल. मोठी जड, डिझेल पिणारी. आणि चार चाकांची ताकद भगूर ते नाशिकरोड कशाला हवी?

सगळं खरं आहे. पण माझं कारण ते नाही.

बाबांचा उजवा हात हलतो. कंपवात. गोळ्यांनी सध्या आवरलाय. मागच्या महिन्यात डॉक्टर मला बाजूला घेऊन म्हणाले, "आत्ता गाडी चालवू देत. पण फार काळ नाही हं." तेव्हापासून मनात तेच. थोड्याच दिवसांसाठी एवढी मोठी घेऊन काय करायचं?

लिहिलं आणि वाचवेना.

१६ नोव्हेंबर, रविवार

ठरलं. छोटी.

मी सगळी कारणं मांडली. ॲव्हरेज, गल्ली, कर. बाबा मान हलवत ऐकत होते. शेवटी मी म्हटलं, "आपल्याला कुठं डोंगर चढायचेत, बाबा?"

ते खिडकीकडे बघत होते. म्हणाले, "तू म्हणशील तसं."

हलकं वाटलं. लगेच बुकिंग केलं.

४ डिसेंबर, गुरुवार

दत्तजयंतीच्या मुहूर्तावर गाडी घरी! गडद हिरवी. शेजारच्या मंजुषाकाकूंनी ओवाळलं, चाकाखाली लिंबू ठेवलं. बाबांनी इस्त्रीचा शर्ट घातला होता. नारळ माझ्याऐवजी त्यांनीच फोडला — एका फटक्यात. हात अजिबात हलला नाही.

आई असती तर पुढच्या सीटवरून उठलीच नसती.

कॅम्पच्या बाजूनं एक फेरी मारली. काय चालवतात! गिअर बदललेला कळतसुद्धा नाही. आर्टिलरीच्या गेटासमोर मुद्दाम हळू केली. कुणीतरी ओळखीचं दिसेल म्हणून असणार. कुणी नव्हतं.

८ डिसेंबर, सोमवार

रोज सकाळी गाडी पुसतात. धूळ नसली तरी.

२० डिसेंबर, शनिवार

जेवताना बाबा म्हणाले, "उद्या नवसाकडं जाऊन येऊ."

माझा घास हातातच! नवसाबाई म्हणजे बाबांची मोठी बहीण, माझी आत्या. पेठच्या पलीकडे डोंगरावर पाडा आहे, तिथं. बाबांचं जन्मघर. मी लहानपणी गेले होते, नागलीची भाकर आणि खुरासणीची चटणी आठवते, बाकी धूसर. आजी गेल्यापासून जाणं-येणं बंद. का ते कधी कुणी धड सांगितलं नव्हतं. आज सांगितलं.

आजी गेली तेव्हा बाबा राजस्थानात होते, सरावावर. रजा मिळून पोचेपर्यंत सगळं आटोपलं होतं. आत्या सगळ्या पाड्यासमोर म्हणाली, "सरकारच्या तोफा डोंगरावर चढवतोस न् आपल्या आईपाशी नाय पोचला?"

आणि बाबांच्याही तोंडून गेलं — "आता येईन तर स्वतःच्या गाडीनं, थेट तुझ्या दारात. नाहीतर येणार नाही."

"रागात बोललो," म्हणाले. "पण बोललो ना."

मी विचारलं, रस्ता आहे का वरपर्यंत?

"गेल्या साली डोझरनं काढलाय म्हणतात. कच्चा आहे. चढ आहे थोडा."

चढ.

मला झोप लागेल असं वाटत नाही. शोरूममध्ये त्या दांड्यावर हात ठेवून बसले होते, तेव्हा ते तिथंच होते. त्या चढावर. आणि मी त्यांना विचारलं होतं, आपल्याला कुठं डोंगर चढायचेत!

२१ डिसेंबर, रविवार

नाही पोचलो.

सकाळी निघालो. आत्यासाठी लुगडं घेतलं होतं त्यांनी, हिरवं, कधी घेतलं कळलंही नाही मला. मागच्या सीटवर पिशवीत. पेठ रोड, सावळघाट, कोटंबीचा घाट. गाडी छान पळत होती. बाबा गुणगुणत होते! मी कित्येक वर्षांनी ऐकलं. घाटात ट्रकच्या मागे अडकलो तरी चिडले नाहीत. "लोड आहे बिचाऱ्याला," म्हणाले.

पेठ सोडल्यावर डांबर संपलं. भाताची खाचरं कापून मोकळी झालेली. मग ओढ्यावरची एक मोरी, आणि मोरीच्या पुढे तो चढ. लाल मुरूम, सुटा. वर जाऊन एकदम उजवीकडे वळतो आणि डाव्या हाताला काही नाही — सरळ दरी.

बाबा खाली उतरले. चढ चालत बघून आले, चाक कुठं धरेल ते वाकून बघत. बसले. पट्टा लावला. म्हणाले, "तू उतर."

"का?"

"वजन कमी."

मी नाही उतरले.

पहिल्या वेळी वळणापर्यंत गेली. मग मागची चाकं जागच्या जागी फिरायला लागली. खालून मुरूम उडतोय, जळका वास, आणि गाडी हळूच, अगदी हळूच, मागे. बाबांनी ब्रेक धरला. सरळ रेषेत मोरीपर्यंत मागे आणली, आरशात बघत. दुसऱ्यांदा जोर घेऊन. तिथंच! तिसऱ्यांदा गाडीचं मागचं अंग दरीकडे सरकलं. मी ओरडले. बाबा ओरडले नाहीत. पण परत मोरीवर आलो तेव्हा त्यांचा हात स्टिअरिंगवर थडथडत होता. दुसऱ्या हातानं तो दाबून धरला त्यांनी.

आणि वर — पाड्याच्या कडेला — कुणीतरी उभं होतं. बाई. पदर डोक्यावर. एवढ्या लांबून चेहरा दिसत नाही. पण बाबांना दिसला असणार.

मी म्हटलं, "बाबा, चला, चालत जाऊ. एवढंसं तर आहे. मी हात धरते."

"चालत नाही."

"अहो, पण ती बघतेय —"

"चालत नाही म्हटलं ना!"

तेवढ्यात मागून पाड्यावरचीच कुणाची तरी जुनी जीप आली, माणसं आणि पोती भरलेली. आम्ही बाजूला घेतली. ड्रायव्हरनं खाली वाकून कसला तरी दांडा ओढला आणि जीप घुरघुरत चढून गेली. वळणावर जरा डुलली, इतकंच.

बाबा ती दिसेनाशी होईपर्यंत बघत राहिले. मग चावी माझ्या हातात दिली.

परत येताना मी चालवली. सावळघाट उतरताना म्हणाले, "इंजिनाची चूक नाही. त्याच्या अंगात आहे तेवढं दिलं त्यानं."

मला रडायला आलं, पण घाट होता.

२२ डिसेंबर, सोमवार

लुगड्याची पिशवी अजून गाडीतच आहे. काढायचं धाडस होत नाही — माझं.

२७ डिसेंबर, शनिवार

गाडी पुसणं बंद.

४ जानेवारी, रविवार

आज बोलले. मीच विषय काढला. म्हटलं, बाबा, तेव्हा सांगायचं होतंत ना, आत्याकडे जायचंय म्हणून. मी मोठीच घेतली असती.

"सांगून काय उपयोग. तुझं ठरलं होतं."

"ॲव्हरेजचा विचार केला मी —"

"तेजू." चहाची बशी खाली ठेवली. "मी फौजेत ड्रायव्हर होतो. माणूस किती चालणार, गाडी किती चालणार, हे बघूनच गाडी देतात. तू पण तेच बघितलंस. त्यात वाईट काही नाही."

त्यांना माहीत होतं! त्याच दिवशी कळलं होतं. मी ॲव्हरेज-ॲव्हरेज करत होते आणि हे खिडकीबाहेर बघत होते. मुलीनं आपलं उरलेलं मापलं, आणि त्या मापाचं इंजिन घेतलं. "तू म्हणशील तसं."

मी म्हटलं, चुकलं माझं. ते म्हणाले, "चहा गार होतोय."

रागावले असते तर बरं झालं असतं.

१५ जानेवारी, गुरुवार

काल संक्रांत. बाबांनी माझ्या हातावर तिळगूळ ठेवला तो खाली सांडला. दोघांनीही न बघितल्यासारखं केलं.

डॉक्टरांकडे जाऊन आलो. गोळी वाढवली. "आता गाडी नको," — त्यांच्यासमोरच सांगितलं या वेळी. बाबा म्हणाले, "बरं." जसं काही चहात साखर नको म्हटलं कुणी! मग विचारलं, "चालायला हरकत नाही?" डॉक्टर म्हणाले, उलट चाला, भरपूर चाला, त्यानं बरंच वाटेल.

परतताना माझ्या शेजारच्या सीटवर बसले. पाय मात्र क्लच दाबत होता, प्रत्येक गिअरला.

१८ जानेवारी, रविवार

शोरूममध्ये गेले. एकटीच. ही परत देऊन मोठी घ्यायची. शोरूमवाला हसला — "मॅडम, दीड महिन्यातच?" मी म्हटलं, हो, दीड महिन्यातच. तोटा होतोय, होऊ दे. बुक करून आले.

मी चालवीन. बाबा शेजारी बसतील. दांडा तेच ओढतील! आत्याच्या दारात हॉर्न वाजवू.

सांगितलं घरी. त्यांनी माझ्याकडे असं बघितलं, जसं मी लहान आहे आणि पडून गुडघा फोडून आलेय.

"कधी येणार?"

"फेब्रुवारीत. शेवटी शेवटी."

"बरं," म्हणाले, आणि काठी घेऊन फिरायला गेले.

२३ जानेवारी, शुक्रवार

हल्ली खूप चालतात. सकाळ-संध्याकाळ. आज दारणेच्या पुलापर्यंत जाऊन आले म्हणे, मंजुषाकाकूंना दिसले. मी रागावले. डॉक्टरांनी सांगितलंय, म्हणाले. बूट झिजलेत. नवे आणून दिले तर जुनेच घालून गेले.

मला वाटतं घरात माझ्यासमोर बसणं नको वाटतं त्यांना.

२९ जानेवारी, गुरुवार

शोरूमचा फोन. मोठी यायला उशीर, मार्च उजाडेल. बाबांना सांगितलं. ते म्हणाले, "येईल तेव्हा येईल."

पुढचे दोन पेशंट मी नीट बघितलेच नसतील. सारखा तो चढ डोळ्यांपुढे, आणि वर उभी असलेली ती बाई. मार्चपर्यंत काय होईल, कुणाचं काय होईल. तेव्हा नुसतं 'हो' म्हणायचं होतं मला. मोठीचा आवाज खोल आहे, म्हणाले होते. त्यांनी आयुष्यात मागितलेली तेवढीच गोष्ट. तीही मागितली नाही, नुसती म्हणाले.

१ फेब्रुवारी, रविवार

उठले तर बाबा नाहीत. काठी नाही, स्वेटर नाही, गोळ्या नाहीत. गाडी जागेवर. स्टँडवर गेले, काकूंकडे, पुलापर्यंत जाऊन आले. फोन बंद.

दुपारी फोन आला. त्यांचाच.

"तेजू, पोचलो."

"कुठं?"

"नवसाकडं. एसटीनं पेठ, तिथून मोरीपर्यंत रिक्षा. पुढं चाललो. बसत बसत."

वाऱ्याचा आवाज येत होता, आणि कोंबड्या.

"ती मोठी रद्द कर. मी राहतो इथं थोडे दिवस. आता मला कुठं जायचं नाही."

मग कुणीतरी फोन ओढून घेतला. म्हाताऱ्या बाईचा, खणखणीत आवाज —

"तेजल ना गं? लय रडवलं तुझ्या बापानं. तू बी ये. गाडी खाली ठेव न् चालत ये."